पांढऱ्या कापडातल्या एकतीस पोथ्या

भाऊ, परवा तुमच्या शोकसभेत मी तुमच्या फोटोला हार घातला आणि घरी येऊन साबणानं हात धुतले. दोनदा धुतले. तरी झेंडूचा वास गेला नाही.

सभा मठातच होती. तुमच्या पोथीशाळेतच म्हणा ना. आता त्याला ‘सभागृह’ म्हणतात. खाली फरशी, वर पांढरं छत, दोन एसी, आणि ज्या भिंतीला तुमचे सागवानी रॅक होते तिथं भला मोठा टीव्ही. त्या टीव्हीवर तुमचा फोटो येत होता, जात होता. सूत्रसंचालन करणाऱ्या पोरीनं तुम्हाला हिंदीतून ‘ग्रंथ-तपस्वी’ म्हटलं. मग अध्यक्ष उठले. तेच, अजून तेच आहेत, फक्त आता दोघांना धरून उठवावं लागतं. म्हणाले, "दत्तूभाऊ म्हणजे या मठाचा आत्मा." याच खोलीत, याच माणसानं तुम्हाला ‘पोथ्या विकून खाणारा’ म्हटलं होतं. दोन मिनिटं मौन ठरलं होतं. अर्ध्यातच कुणाचा तरी फोन वाजला आणि सगळे सुटल्यासारखे खाली बसले. मग समोसे आले. तुमच्या फोटोपुढं चटणी सांडली, ती एकानं तुमच्या श्रद्धांजलीच्या पत्रिकेनं पुसली.

मला किळस आली. पण मीही समोसा खाल्ला, भाऊ. गरम होता.

निघताना अध्यक्षांनी माझा हात धरला. "सदाशिवराव, भाऊंची स्मरणिका काढून राहिलो. दोन पानं तुम्ही द्या. तुमच्याइतका जवळचा कोण होता त्यांना? गोड लिहा." तर ही ती पानं. गोड नाहीत. छापायची की नाही ते त्यांनी ठरवावं. मी मात्र ती तुम्हाला लिहितो आहे. जे सांगायचं आहे ते वीस वर्षांपूर्वी तुमच्या तोंडावर सांगायचं होतं. तेवढी माझी छाती नव्हती.

मी वर्ध्याहून पाटबंधारे खात्यात बदली होऊन इथं आलो तेव्हा ओळखीचं एक माणूस नव्हतं. तुम्ही मठाचे ग्रंथपाल, तुम्हीच मला मठातली मागची खोली मिळवून दिलीत. पहिल्याच दिवशी विचारलंत, "तुम्ही रेल्वेसंगं आले का सरकारसंगं? आमी तं भोसल्यांसंगं आलो." तुमची सातवी-आठवी पिढी रायपुरात, आणि तो मान तुम्ही माझ्यापुढं रोज मिरवायचात. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे म्हणून मला ‘सदा’ आणि ‘तू’, आणि मी मठाच्या समितीचा सेक्रेटरी झालो तसं चिडवायला ‘साहेब’. माझा मुलगा विषमज्वरानं आजारी होता तेव्हा अठरा दिवस तुमच्या कुंदाच्या आईनं डबा पाठवला, आणि तो घेऊन तुम्ही स्वतः यायचात. हे मी विसरलो नव्हतो. ते आठवत असतानाच मी पुढचं सगळं केलं.

पोथीशाळेची गोष्ट तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला एकाच चालीत सांगायचात. भोसल्यांच्या काळात नागपूरकडून एक गोसावी बैलाच्या पाठीवर दोन पेटारे घालून आला. एका पेटाऱ्यात देव होते, दुसऱ्यात पोथ्या. वाटेतल्या नाल्याला पूर आला, बैल डगमगला, तेव्हा त्यानं देवांचा पेटारा सोडला आणि पोथ्यांचा धरून ठेवला. "म्हणून आपल्या मठातले देव इथं रायपुरात घडवलेले आहेत, अन् पोथ्या त्याच्याहून जुन्या!" हे सांगताना तुम्ही पुजाऱ्याकडं बघून डोळा मारायचात. पुजारी चिडायचा. पुढच्या महंतांनी भर घातली. ओडिशाकडून आलेली ताडपत्रं, कुणा वैद्याची औषधांची बाडं, घोड्यांच्या दुखण्यांवरचं एक चित्रांचं बाड, पंचांगं, मठाला लावून दिलेल्या गावांच्या मोडीतल्या वह्या. त्यातली एक वही धानाच्या वाणांची होती असं तुम्ही म्हणायचात. कोणत्या तळ्याखाली कोणतं धान लागतं, कोणतं भुईला लोळतं, कोणतं प्रसादाला, कोणतं बाळंतिणीला. ती तुम्ही तरुणपणी एकदाच पाहिली होती आणि मग ती कोणत्या गाठोड्यात गेली ते सापडेना.

"सगळे सोडून पाहतो एक दिवस," म्हणायचात.

"इतक्या वर्षांत झालं नाही, आता काय होणार?"

"तू मोडी शिक ना मग. दोघं मिळून पाहू. मोडी शीक म्हटलं की तुह्या पोटात दुखते."

खरं होतं. मी दोनदा बसलो आणि दोनदा पळालो. मला वाटायचं, जे सरकारला लागत नाही ते शिकून काय करायचं? यावर आपलं भांडण कायमचं. मी म्हणायचो, हे सगळं सरकारला देऊन टाका, नीट राहील. तुम्ही म्हणायचात, "पोथी ठेवणाऱ्याले द्याची नसते, वाचणाऱ्याले द्याची असते." ते भांडण आपण संपवलं नाही. आता संपवायचं तर मला एकट्यालाच दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं, आणि दोन्हीकडून मी हरतो.

आता मूळ गोष्ट. पोथीशाळेतली एक रीत वाचणाऱ्यांना सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चांगली पोथी लाल कापडात बांधलेली असायची. जी अगदी जीर्ण झाली, पानं हातात घेताच चुरा होतो, अक्षर दिसत नाही, ती तुम्ही कोऱ्या पांढऱ्या कापडात बांधायचात आणि खिडकीखालच्या कोनाड्यात ठेवायचात. तीन-चार वर्षांनी तशा आठ-दहा जमल्या की महादेव घाटावर नेऊन खारून नदीत विसर्जन. पांढरं म्हणजे पोथीचं आयुष्य संपलं. हे मठात झाडू मारणाऱ्या बाईलाही माहीत होतं.

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली आणि आपल्या तळ्याकाठच्या गल्लीत लाल दिव्याच्या गाड्या वळायला लागल्या. जमिनीला भाव आला, मठाला पाहुणे आले. तिकडं सिलतऱ्याचे कारखाने वाढले आणि त्यांची काजळी आपल्या पोथ्यांवर बसू लागली. सकाळी पुसलं की संध्याकाळी बोटाला काळं. लाल कापडं काळी पडली. तुम्ही ती धुवायला काढलीत तर कुजकी निघाली, धुताना हातात आली. तुम्ही मला अर्ज दिलात: लाल खादी, एक थान म्हणजे अख्खा तागा, सदर बाजारातल्या नेहमीच्या दुकानातून आणायला परवानगी मिळावी.

तो अर्ज माझ्या फायलीत पाच महिने पडून होता. कारण काही नव्हतं, भाऊ. मी कुणाकडून काही मागत नव्हतो, कुणी मला अडवलं नव्हतं. सही करायची राहिली. तुम्ही दर आठवड्याला विचारायचात, "साहेब, आमच्या लाल कापडाचं काय होऊन राहिलं?" आणि मी म्हणायचो, "हो, हो, पुढच्या बैठकीत." आणि मला ते सांगताना बरं वाटायचं. तुमच्यासारख्या माणसाला माझ्या सहीसाठी थांबावं लागतं याचं बरं वाटायचं. हे लिहितानाही अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

शेवटी तुम्ही कपाटातली तुमची जुनी धोतरं काढलीत, फाडलीत आणि नागपूरला जायच्या घाईत, आतली पानं न चाळता, एकतीस पोथ्या त्यात बांधून परत रॅकवर ठेवल्यात. पांढऱ्या कापडात. लाल कापड येईपर्यंत. रजिस्टरात तशी नोंद केलीत, आणि कुंदाच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला गेलात. किल्ल्या माझ्याकडं.

चौथ्या दिवशी अध्यक्षांचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी नव्या सरकारातले कुणी मोठे अधिकारी मठ बघायला येणार, पोथीशाळेचा हॉल साफ दिसला पाहिजे, जुना पसारा नको. मी आत गेलो. कोनाड्यात नऊ पांढरी गाठोडी, रॅकवर आणखी पांढरी. मला वाटलं, भाऊंनी या वेळी बऱ्याच मोडीत काढल्या. रजिस्टर तिथंच टेबलावर होतं. उघडलं नाही. जीप बोलावली, पुजाऱ्याला घेतलं आणि घाटावर गेलो.

इथपर्यंत ती चूक होती. मूर्खपणाची, पण चूक. इथंच थांबली असती तर हा लेख मी गोड लिहिला असता.

दुपार होती. पुजारी पायरीवर डोळे मिटून मंत्र म्हणत होता, मी एकेक गाठोडं दगड बांधून पाण्यात सोडत होतो. कोनाड्यातली नऊ गेली. मग रॅकवरची. त्यातलं तिसरं हातात घेतलं आणि कापडाला बारीक हिरवा काठ दिसला. हिरव्या काठाचं धोतर अख्ख्या गल्लीत एकच माणूस नेसायचा. मला तिथंच कळलं, भाऊ. सगळं कळलं. अर्ज, पाच महिने, धोतर. गाठ सैल करून पाहिलं तर आत पानं घट्ट, शाई काळीभोर.

आणि मी दगड बांधला.

का बांधला? पुजाऱ्याला काय सांगायचं, जीपवाल्यासमोर परत गाठोडी कशी चढवायची, अध्यक्ष काय म्हणतील. एवढंच. याहून मोठं कारण मी वीस वर्षं शोधलं, नाही सापडलं. पाण्यात ती गाठोडी लगेच बुडत नव्हती. धोतराचं कापड फुगून वर यायचं, हिरवा काठ दिसायचा, मग बुडबुडे काढत खाली जायचं. अठ्ठावीस वेळा मी ते पाहिलं. शेवटचं मात्र नाही सोडवलं. पुजाऱ्याचे डोळे मिटलेलेच होते. मी ते पिशवीत घातलं. याला कुणी पश्चात्ताप म्हणू नये. हात दुखत होता, आणि भीती वाटत होती, बस.

तुम्ही परत आलात. रॅक पाहिलात. धावत माझ्या ऑफिसात आलात, पायात एकच चप्पल होती.

"सदा, रॅकवरच्या पांढऱ्यातल्या कुठं गेल्या?"

"कोणत्या? मी कोनाड्यातल्या नऊ नेल्या. पुजाऱ्याले विचारा."

पुजाऱ्यानं काही मोजलं नव्हतं. तो म्हणाला, सेक्रेटरी साहेब म्हणतात म्हणजे नऊच. पुढच्या वर्षी तो गेला.

महिन्याभरात पोथ्या मोजायला सरकारी यादीवाले आले आणि जुन्या यादीतल्या एकतीस पोथ्या भरेनात. समितीची बैठक बसली. अध्यक्षांना हॉल रिकामा हवाच होता. त्यांना तुम्हीही नको होतात. ते म्हणाले, "आजकल अशा पोथ्यांले बाहेर लय किंमत आहे म्हणतात." बाकीच्यांनी माना खाली घातल्या. तुम्ही मात्र अगदी शांत होतात. तुम्ही हसलातसुद्धा.

"रजिस्टर काढा ना," म्हणालात. "माझी नोंद आहे. कोणत्या पोथ्या पांढऱ्यात ठेवल्या, काहून ठेवल्या, सगळं लिहिलं आहे. मंग साहेबांनी काय नेलं ते आपोआप कळते."

रजिस्टर आणलं. तुम्ही चष्मा लावून पान उलटलंत. पुन्हा मागं गेलात. पुन्हा पुढं. ते पान नव्हतं. आदल्या दिवशीच मी ते फाडलं होतं.

तुम्ही मान वर केलीत आणि माझ्याकडं बघितलंत. किल्ल्या कुणाकडं होत्या हे आपल्या दोघांनाच नीट माहीत होतं. मी इतिवृत्ताची वही पुढं ओढली आणि लिहायला लागलो. ते वाक्य मला पाठ आहे: ‘सदर पोथ्यांचे काय झाले याबाबत ग्रंथपालांनी समाधानकारक खुलासा केला नाही.’ लिहून झाल्यावर मी ते मनात वाचलं, आणि खरं सांगतो, वाक्य छान झालं असं मला वाटलं. ‘समाधानकारक’ हा शब्द बरोबर बसला होता.

पोलिसांत दिलं नाही हे तुमच्यावर उपकार. तुम्ही मठ सोडलात. बीरगांवला कुंदाच्या घरी राहायला गेलात आणि एका कारखान्याच्या गेटवर मजुरांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायचं काम धरलंत. मोडीची पानं वाचणारे डोळे. बाजारात एकदा मला दिसलात. एका सोनाराच्या पोरानं मागून म्हटलं, "वो देख, पोथीचोर." तुम्ही ऐकलंत. मी समोरच्या कापडाच्या दुकानात शिरलो आणि तुम्ही जाईपर्यंत चादरी बघत बसलो.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन बीरगांवला गेलो. कुंदानं दार उघडलं. तिचेही केस पांढरे झालेत. पाणी दिलं. मी पिशवी तिच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्याच क्रमानं. संपल्यावर ती म्हणाली, "बाबांले माहीत होतं, काका."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता ती म्हणेल की त्यांनी क्षमा केली होती. माणूस किती निर्लज्ज असतो बघा.

"रोज शिव्या द्यायचे तुमाले," ती म्हणाली. "सकाळी दात घासताना. नेमानं. आई म्हणायची, अहो देवाचं नाव घ्या, तं म्हणायचे, आधी सदाचं घेऊ दे. शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हते, पण शिव्या बरोबर तुमच्याच नावानं."

"मग कुणाला सांगितलं काहून नाही?"

"मी लय म्हटलं. ते म्हणाले, मी सांगीन तं चोराचं सांगणं होईल. त्या लेकाच्यानं पान फाडलं, त्याच्याच अक्षरात आलं पाहिजे." तिनं माझ्यापुढचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. "वीस वर्षं वाट पाहिली, काका. बीरगांव काई लंडनमदी नाही."

मग तिनं गाठोडं सोडलं. मोडी तुम्ही तिला शिकवली होती, मला ठाऊक नव्हतं. पहिलं पान तिनं खिडकीकडं धरलं, बोट फिरवलं. दुसरं पाहिलं. मग वर न बघता म्हणाली, "धानाचे वाण आहेत. बाबा हे शोधत होते."

तुम्ही आयुष्यभर शोधत असलेली वही वीस वर्षं माझ्या घरी होती, भाऊ. दिवाणात, गोधड्यांच्या खाली, त्या फाडलेल्या पानासकट. दरवर्षी मी डांबराच्या गोळ्या बदलायचो. मला वाचता येत नव्हती. मी मोडी शिकलो नाही.

कुंदानं पानं नीट केली आणि माझ्या हातात दिली. धोतराचा तुकडा मात्र तिनं घडी घालून मांडीवर ठेवला, हिरवा काठ वर.

"पोथी मठात द्या. ते फाडलेलं पानही तिथंच चिकटवा. हे राहू द्या इथं."

"कुंदा, मला..."

"चहा ठेवत नाही, काका. राग मानू नका."

मी उघडी पोथी छातीशी धरून रिक्षात बसलो. सिलतऱ्याकडून वारा होता, त्या काजळीपासून लपवत. सदर बाजारात उतरलो. ते दुकान अजून आहे, गल्ल्यावर नातू बसतो. लाल खादी मागितली. "कितना काटूँ, दादाजी? पूजा के लिए?" मी म्हटलं, पूरा थान. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. मला तो थान उचलवेना. त्यानं रिक्षात आणून ठेवला.

मठात नवीन सेक्रेटरी आहे, मराठी घरातलाच, पण बोलतो हिंदी. उरलेल्या पोथ्या लोखंडी कपाटात आहेत, कपाट जिन्याखाली आणि किल्ली कुणाकडं हे कुणालाच माहीत नाही. पाऊण तासानं मिळाली. उघडलं तर वाळवीचा वास. तुमचं रजिस्टर सगळ्यात खाली, त्यावर एसीचा रिकामा खोका. मी फाडलेलं पान खिशातून काढलं तेव्हा त्याला समजलं मी काय करतो आहे.

"अंकल, बहुत पुराना मैटर है. अब तो भाऊजी भी नहीं रहे. क्यों खोद रहे हैं?"

"ते राहिले नाहीत म्हणूनच," मी म्हटलं. "जागा दे बसायला."

पानाची जागा शोधावी लागली नाही. शिवणीपाशी फाटकी कड अजून तशीच उभी होती. पान लावलं, कडेला कड बसली, जणू काल फाडलं असावं. तुमचं अक्षर: ‘लाल कापड न आल्यामुळे पुढील एकतीस पोथ्या तात्पुरत्या पांढऱ्यात बांधल्या आहेत. विसर्जनाच्या नाहीत. कृपया हात लावू नये.’ डिंकानं चिकटवलं. धानाची पोथी लाल खादीत बांधून शेजारी ठेवली. खाली थोडी जागा होती. तिथं मी लिहिलं: ‘हे पान मी फाडले. वरील पोथ्यांपैकी तीस मी जाणूनबुजून पाण्यात सोडल्या. एक आज परत केली. ग्रंथपालांनी काहीही विकले नाही.’ नाव लिहिलं, सही केली. पहिल्या दोन पोथ्यांना दगड बांधताना मला माहीत नव्हतं, पण तेवढी सूट मी घेतली नाही.

ओळ वर गेली, खाली आली, शाई फुटली. तुमच्या त्या सरळ, टपोऱ्या अक्षराखाली माझं अक्षर फार घाणेरडं दिसतं, भाऊ. सेक्रेटरी म्हणाला, दुसऱ्या कागदावर नीट लिहून देता का, हा खराब दिसतो.

मी नाही म्हटलं. तसंच राहू द्या.